आखाजीआधी उघडलेला अल्बम

आमचा फोटो स्टुडिओ धुळ्यात होता आणि क्रेडिट कार्ड बायकोच्या नावावर. ती शाळेत गणित शिकवायची. पगाराची स्लिप तिच्याकडे, म्हणून बँकेने कार्ड तिलाच दिलं. लग्नसराईआधी आम्ही दोघं बसने जळगावला जायचो. तिथला फिल्मचा ठोक व्यापारी कार्ड घेत असे. लोखंडी यंत्रात ठेवून त्याचा कार्बनवर ठसा उमटवायचा आणि ती सही करायची. बँकेचा हिशेब महिन्याच्या वीस तारखेला बंद होतो, म्हणून खरेदी एकवीसला करायची, हे तिनेच ठरवलं होतं. म्हणजे पैसे भरायला पन्नासेक दिवस मिळतात. तेवढ्यात लग्नं लागतात, अल्बम तयार होतात, पैसे येतात आणि व्याजाचा एक रुपयाही जात नाही. मला हे इतकं पसंत पडलं की धुळ्यातल्या उधारीवाल्या दुकानदाराकडे मी पाठच फिरवली. त्याचा रोल महाग आणि वर टोमणे.

एक गोष्ट मात्र मी सोयीस्करपणे विसरलो. आमच्याकडे नवी सासुरवाशीण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते. लग्नाचा अल्बम तिच्यासमोर उघडायचा, तिने बघितला की मग पैसे, अशी बऱ्याच घरांत रीत. उधारीवाला दुकानदार कुरकुरत का होईना, आखाजीपर्यंत थांबायचा. बँकेला आखाजी ठाऊक नव्हती.

नव्वदनंतरचं चौथं-पाचवं वर्ष असेल. बिल दहा एप्रिलपर्यंत भरायचं होतं आणि आखाजी त्यानंतर तीन आठवड्यांनी. नेमके एका अल्बमचे पैसे कमी पडत होते. त्याच बँकेत बायकोने घरासाठी कर्जाचा अर्ज केला होता. फाइल मंजूर होईपर्यंत कार्डाचा हप्ता एक दिवसही चुकू देऊ नका, असं साहेबांनी तिला बजावलं होतं. आम्ही दीड खोलीत राहत होतो. पासपोर्टचे फोटो मी मोरीत धुवायचो. तिला ते घर किती हवं होतं, हे मला रोज दिसत होतं.

बिलाच्या तळाशी छापलं होतं की थोडीच रक्कम भरली तरी चालेल. मी त्यावर बोट ठेवलं.

"चालेल लिहिलंय, फुकट लिहिलेलं नाही," ती म्हणाली. उरलेल्यावर व्याज लागतं, आणि जुनं फिटेपर्यंत नव्या रोलवरही पहिल्या दिवसापासून लागतं, हे तिने मला पेन्सिलीने करून दाखवलं. मी चिडलो, कारण तिचं बरोबर होतं.

राहिलेला अल्बम शिंदखेड्याच्या एका कापूसवाल्या शेतकऱ्याचा होता. सगळे त्यांना नाना म्हणायचे. मुलगी त्यांनी बोदवडला दिली होती. मी अल्बम घेऊन गेलो. त्यांनी चहा दिला, अल्बमला हात लावला नाही.

"पोर आखाजीले येई, ती दखी, मंग पैसा लई जाय. घाई काय शे?"

घाई कार्डाच्या बिलाची होती. बायकोच्या कार्डावर धंदा करतो, हे सांगायची मला लाज वाटली. परतीच्या बसमध्ये डोकं तापलं होतं. पोरीने बघायचाच असेल तर तिला सासरी नेऊन दाखवतो, असं मी ठरवलं. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली. बायकोला सांगितलं नाही. तिने अडवलं असतं.

आठ तारखेला भुसावळहून पॅसेंजरने बोदवडला पोचलो. मुलगी ओसरीवर गहू निवडत होती. मला ओळखून ती हसली आणि अल्बम मांडीवर घेतला. सासूही शेजारी येऊन बसली. चार पानं झाली तेव्हा मी नको ते बोललो. "बघितलात ना, आता हिशेब मिटवता येईल."

सासूने मान वर केली. "हिच्या बापाने पैसे देले नही का अजून?"

मुलीचं हसू गेलं. व्याह्यांच्या ओसरीवर मी तिच्या बापाची अब्रू मांडून ठेवली होती, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मी काहीतरी सावरायला लागलो, पण तीच आधी बोलली.

"दिले आहेत. नानांनी माझ्याजवळच ठेवलेत, हे फोटोवाले आले की दे म्हणून." ती आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा हातात दहा-वीसच्या, पन्नासच्या नोटा होत्या, काही आहेराच्या पाकिटात तशाच. माझ्याकडे न बघता तिने त्या पुढे केल्या. ते पैसे तिचे आहेत हे मला कळत होतं. मी घेतले.

नऊ तारखेला बिल पूर्ण भरलं. "नानांनी दिले?" बायकोने विचारलं. मी हो म्हणालो. त्या महिन्यात तिची फाइल मंजूर झाली. तिने शेजारच्यांना पेढे वाटले. मला एक पेढाही गोड लागला नाही.

आखाजीनंतर चार दिवसांनी नाना दुकानात आले. शाळेला सुट्टी होती, बायको काउंटरवर बसली होती. नानांनी खिशातून शंभराच्या नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. अल्बमचीच रक्कम होती.

"अहो, तुम्ही तर दिलेत ना पैसे," बायको म्हणाली.

आखाजीला आल्यावर मुलीने आईला सगळं सांगितलं होतं, आईने नानांना. नोटा त्यांनी माझ्याकडे सरकवल्या.

"ह्या पैसा पोरना शेतस. तिले दई ये."

"नाना, तुमच्याच हातून द्या," मी म्हणालो. "मी कोणत्या तोंडाने जाऊ?"

"तू लेवाले गयथा ना," ते म्हणाले, "आते देवाले बी तूच जाय."

नाना गेले. बायकोने नोटा मोजायला उचलल्या होत्या. तिने त्या परत काउंटरवर ठेवल्या आणि मला विचारलं, "बोदवडला गेला होतास?"