फियाटची धुळ्याची फेरी

"तुमनी पोर बोलस का नही, भाऊ?" पुढच्या सीटवरून नाना मिस्त्रींनी बाबांना हळूच विचारलं. फियाटमध्ये हळूच असं काही नसतं. मागच्या सीटवर मला सगळं ऐकू आलं.

"घरात बोलते," गाडी चालवता चालवता बाबा म्हणाले. "बाहेर मोजूनमापून."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. खरं तर मी तापमानाचा काटा बघत होते.

ही गाडी आजोबांची. इंग्रजी शाळेत असताना ती मला आणायला यायची तेव्हा मी लाजेने सीटवर खाली सरकायचे. माझ्या मैत्रिणींकडे सगळ्या नव्या गाड्या. आता मात्र तिच्यासाठी जीव टाकत होते. चार महिने ती नानांच्या जळगावच्या गॅरेजमध्ये इंजिन उतरवून पडली होती आणि बाबांनी शब्द दिला होता, इंजिन नीट झालं की गाडी तुझी. नानांचा नियम असा, की बांधलेलं इंजिन एकदा धुळ्याला जाऊन विनातक्रार परत आलं पाहिजे. त्याशिवाय ते गाडी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत.

निघण्याआधी आईने पूजा केली. आमच्या रावेरच्या मळ्यातलं लांबरुंद केळीचं पान पुढच्या जाळीवर आडवं बांधलं, वर झेंडूचा जाडजूड हार. "इंजिन नवं म्हणजे गाडी नवीच," ती म्हणाली. नारळ नानांनीच फोडला.

एरंडोलपर्यंत गाडी झकास चालली. पारोळ्याच्या अलीकडे काटा चढायला लागला, चढतच गेला. बाबांनी गाडी कडुलिंबाखाली घेतली. बॉनेट उघडलं आणि दोघांची डोकी आत गेली.

"पंप असेल," बाबा म्हणाले.

"पंप नवा शे!"

"मग गॅस्केट?"

"बठ्ठं नवं शे, भाऊ! मी सोता बांधेल शे!"

मी गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले. हाराखालचं ते पान वाऱ्याने जाळीला घट्ट चिकटलं होतं, वहीला ब्राउन पेपर चढवावा तसं. रेडिएटरला हवा मिळणार कुठून? मी तोंड उघडलं. पण माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग मराठीत येतं, आणि तेवढ्यात नाना म्हणाले, "मॅडम, उन्हात उभ्या राहू नका."

मी तोंड मिटलं. दोघांचं लक्ष नाही असं बघून पान ओढून काढलं, घडी घातली आणि मागे जाऊन त्यावर बसले.

इंजिन निवल्यावर नानांनी पाणी घातलं, दोन नळ्या दाबून पाहिल्या, आणि आम्ही निघालो. काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, ढिम्म हलला नाही. मला हसू आवरेना. बाबा स्टिअरिंगवर ताल धरायला लागले. केळीने भरलेल्या एका ट्रकला आम्ही मागे टाकलं तेव्हा बाबा "हुर्रे!" असे ओरडले, आणि ट्रकवाल्याने इतका लांब हॉर्न दिला की नानांनी त्याला खिडकीतून सलाम ठोकला. वारा माझ्या केसांची वाट लावत होता. खालून केळीचं पान चुरचुरत होतं आणि मी ओढणी तोंडात कोंबून हसत होते.

धुळ्याच्या वेशीवर नानांनी काट्याकडे बघून मान हलवली.

"काय झालं, नाना?" बाबांनी विचारलं.

"आपोआप तापली, आपोआप निवाली. असं इंजिन मी कोणाला देत नाही, भाऊ. माझं काहीतरी चुकलं. उद्या इंजिनचं हेड परत उघडतो." त्यांनी हाताकडे पाहिलं. "आता हातच राहिला नाही पहिल्यासारखा."

बाबांचा ताल थांबला. हेड उघडायचं म्हणजे पुन्हा महिना-दोन महिने, गाडी पुन्हा ठोकळ्यांवर. पण त्याहून मला नानांचा तो हात बघवेना. वाक्य इंग्रजीत तयार होण्याची मी वाट पाहिली नाही.

"नाना, हेड उघडू नका, इंजिन एकदम बेस शे. आईने बांधलेलं पान जाळीवर चिकटलं होतं, ते मी काढलं, त्याच्यावरच बसलेय. आणि परत जाताना गाडी मी चालवणार."