क्रोनोसच्या दिवशी दिलेला शब्द

मानिया अथेन्सला आली तेव्हा तिला स्वतःचं वय सांगता येत नव्हतं. फ्रिगियातून बोटीनं बंदरावर, बंदरावर विकली गेली ती मेनेक्लीसच्या घरात, गुलाम म्हणून. गावची बोली विसरली, एक अंगाई तेवढी जिभेवर राहिली. तिचं पहिलं मूल दगावलं त्याच आठवड्यात मालकीण बाळंत झाली. मालकिणीला दूध उतरेना, म्हणून फिलीनोस मानियाच्या छातीशी आला. दूध कुणासाठी आलंय हे दुधाला कुठं कळतं.

त्याला झोपताना एकच गोष्ट लागे. क्रोनोसनं आपल्या बापाला, आकाशाला, विळ्यानं कापून गादीवरून कसं ओढलं. मग आपलीही मुलं असंच करतील या धास्तीनं एकेक मूल कसं गिळलं. शेवटच्या खेपेला रीआनं बाळ क्रीट बेटावर लपवून दगड दुपट्यात गुंडाळून नवऱ्याच्या हातात कसा दिला. आणि त्यातून वाचलेल्या झेउसनं मोठा होऊन बापाला पाताळात कसं कोंडलं.

“मग त्याच्या बाबांना जेवायला कोण देतं?” फिलीनोस विचारी.

“वर्षातून एकदा ते वर येतात, कापणी उरकली की. त्यांच्या राज्यात कुणी धनी नव्हता, कुणी गुलाम नव्हता. म्हणून त्या दिवशी धनी वाढतात आणि आम्ही जेवतो.”

“एकच दिवस?” म्हणून पोर मुसमुसायचं.

त्याच फिलीनोसनं गेल्या हिवाळ्यात चार प्रतिष्ठित माणसं जमवून बापाचं डोकं ठिकाणावर नाही हे पटवून दिलं. घर, जैतुनाची बाग, माणसं, सगळं त्याच्याकडे आलं. मेनेक्लीस मागच्या खोलीत गेला. त्याचं डोकं तसं ठीक होतं. फक्त एखादी गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगे, आणि ते तर पूर्वीही सांगत असे.

मानियाची मुलगी मेलित्ता याच घरात जन्मलेली. कान थेट मेनेक्लीससारखे, बाहेर आलेले. घरात सगळ्यांना दिसत होते, बोलत कुणीच नव्हतं. “ही कधी विकली जाणार नाही,” असं मेनेक्लीसनं तिच्या जन्माच्या वेळी म्हटलं होतं. आता फिलीनोसच्या बायकोला, धाकट्या मालकिणीला, ते कान डोळ्यांसमोर नको होते. खिओस बेटावरचा एक व्यापारी पोरीच्या बदल्यात खेचरांची जोडी द्यायला तयार होता. क्रोनोसच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी तो यायचा होता. मेलित्ताचं गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलेलं होतं.

मानियानं महिनाभर ब्र काढला नाही. तिनं सगळं त्या एका दिवसावर ठेवलं होतं.

सणाला अंगणात बाकं मांडली. फिलीनोसनं बाह्या सरसावल्या आणि स्वतः डाळ वाढली, जवाच्या भाकरी, खारवलेले मासे, अंजीर आणले. म्हाताऱ्यालाही आज मागून आणून मधोमध बसवलं होतं.

“धाकटे धनी, डाळीत मीठ नाही,” स्वयंपाकी गेटास म्हणाला. “कुणाला तरी फटके द्या.”

“डाळ तूच केलीस ना?”

“हो. पण आज फटके खायची पाळी तुमची.”

सगळे हसले, फिलीनोसही. मानियाच्या पेल्यात वाइन ओतत तो म्हणाला, “दाई, तू गप्प का? आज तू मालकीण. कर हुकूम.”

“करते. मेलित्ता कुठं जाणार नाही.”

बाकावरचं हसू थांबलं. धाकटी मालकीण अंजीर सोलत राहिली.

“मी शब्द दिला होता,” मेनेक्लीस म्हणाला. “फिलीनोस, ऐकलंस? पोरगी इथंच राहील.”

फिलीनोसनं दोघांकडे पाहिलं आणि कमरेत वाकून म्हणाला, “जशी आज्ञा. नाही जाणार.”

गेटासनं टाळी वाजवली. कुणीतरी बासरी काढली. आजच्या दिवशी ‘हो’च म्हणायचं असतं, हे मानियाला ठाऊक नव्हतं असं नाही, गेल्या सणाला गेटासनं बागच्या बाग मागून घेतली होती आणि त्याला ती मिळालीही होती, दिवस मावळेपर्यंत. तरी ती आत गेली आणि तिनं मेलित्ताचं गाठोडं सोडलं. झगा खुंटीला लावला, फणी जागेवर ठेवली.

“खरंच, आई?”

“तोंडानं म्हणाला तो. मी वाढवलंय त्याला.”

सकाळी खेचरं दारात होती.

मानिया अंगणात फिलीनोसच्या आडवी आली. “काल तू म्हणालास...” ती थांबली. “काल तुम्ही म्हणालात, धाकटे धनी.”

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं होतं. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “दाई, काल क्रोनोसचा दिवस होता. तूच तर सांगायचीस मला. एकच दिवस असतो.”

तिनं झगा खुंटीवरून काढला, फणी त्यात ठेवली आणि गाठ मारली. गाठ नीट बसेना. रीआकडे दगड तरी होता, लपवायला क्रीट बेट होतं. मेलित्ता दारापर्यंत रडली नाही. तिथं मात्र तिनं आईचं मनगट धरलं, आणि व्यापाऱ्याच्या माणसाला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

मग न्याहारीची वेळ झाली. मानिया मागच्या खोलीत गेली. मेनेक्लीसला दात नव्हते, भाकरी वाइनमध्ये कालवून द्यावी लागे.

“मेलित्ता कुठाय? रोज ती आणते.”

“मी आणलंय ना आज.”

“काल मी सांगितलं त्याला. सगळ्यांसमोर सांगितलं.”

“हो धनी.”

“तो हो म्हणाला.”

“म्हणाला.” तिनं घास पुढं केला. “आ करा.”