जर्मनी बंद होती त्या दिवशी

जर्मनीला जायचं आम्ही ठरवलं नाही, माझ्या नवऱ्याच्या, शिरीषच्या रजेनं ठरवलं. कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्लांटमधलं देखभालीचं शटडाउन एकदाचं उरकलं, त्याचा साहेब खुशीत होता आणि वीस डिसेंबरपासून दहा दिवसांची सुटी मिळाली. दोहातल्या एका ट्रॅव्हलवाल्याकडे ख्रिसमसची जर्मनी दाखवणारी बस टूर होती, रात्रीच्या भारतीय जेवणासकट. ज्याला कळलं त्यानं एकच विचारलं, "दहावीच्या वर्षी?" आमची सायली मार्चमध्ये बोर्डाला बसणार होती.

दहावी होती म्हणूनच निघालो होतो, पण ते सांगायचं कुणाला? परीक्षा झाली की मी सायलीला घेऊन पुण्याला जायचं, तिची अकरावी-बारावी आणि क्लास तिथे, आणि शिरीषनं अल मुंतझामधला फ्लॅट सोडून कंपनीच्या बॅचलर क्वार्टरमध्ये राहायचं, असं आमचं ठरलं होतं. इथल्या निम्म्या घरांत हेच होतं. फक्त सायलीला सांगायचं राहिलं होतं. "ट्रिपमध्ये सांगू," शिरीष म्हणाला, "तिथं मूड चांगला असेल." कुणाचा, ते बोलला नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. व्हिसाची गडबड आधीच सुरू करा. शिवाय कतारबाहेर पडायला कंपनीचं एक्झिट परमिट लागतं, ते शेवटच्या दिवसावर ठेवू नका. जाड कोट दोहात विकत घेऊ नका, कुणाकडे तरी असतातच. माझा कोट शेजारणीचा होता आणि खिशात तिचे कुठल्या तरी स्वित्झर्लंडचे टिश्यू निघाले. बूट मात्र स्वतःचे आणि खडबडीत तळाचे घ्या. दोहाच्या गुळगुळीत मॉलमध्ये चालणारे बूट तिथल्या दगडी गल्ल्यांत घसरतात. माझे घसरले.

फ्रँकफर्टला उतरलो तर सकाळ असून उजेडाचा पत्ता नाही. बाहेर बस उभी. आमचा टूर मॅनेजर मिलिंद, मूळ डोंबिवलीचा, हातात माइक घेऊन एवढ्या उत्साहात बोलत होता की मला उगाचच दमल्यासारखं झालं. बस सुटली आणि पहिल्या सिग्नलच्या आत शिरीष झोपला.

हे अपेक्षितच होतं. अकरा वर्षं तो कंपनीच्या बसनं पहाटे प्लांटवर जातो आणि संध्याकाळी परत येतो, दोन्ही वेळा झोपून. बसचं इंजिन सुरू झालं की त्याचं बंद होतं. तरी उतरायच्या स्टॉपला बरोबर जागा होतो, याचं मी सगळ्यांना कौतुक सांगत असे. ऱ्हाइन नदी, डोंगरावरचे किल्ले, उतारावरचे उघडेबोडके द्राक्षमळे, सगळं त्यानं मिटल्या डोळ्यांनी पाहिलं. मागच्या सीटवर सायली कानात इयरफोन घालून खिडकीला नाक लावून बसली होती. मी मधल्या मध्ये दोघांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होते.

हायवेवरच्या स्वच्छतागृहाला पन्नास सेंट पडतात, सुटे जवळ ठेवा. हॉटेलचा नाश्ता पोटभर असतो. उकडलेली अंडी खिशातून नेणारे आपल्या बसमध्ये निघतातच, त्यांच्याकडे बघू नका. रात्रीचं भारतीय जेवण म्हणजे गाव बदललं तरी तेच पिवळं पनीर.

हायडेलबर्गचा ख्रिसमस बाजार मात्र फार आवडला. लाकडी टपऱ्या, दालचिनीचा वास, बटाट्याचे किसून तळलेले वडे आणि वर चक्क सफरचंदाचा गर. गरम पेय कपासकट मिळतं. कप परत केला की अनामत परत. सायलीनं तीनदा वडे खाल्ले. मी शिरीषला कोपरानं ढोसलं, सांग आता. तो म्हणाला, "खाऊ दे ना तिला." दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी विषय काढायला तोंड उघडलं, तर मिलिंदनं अंताक्षरी सुरू केली. सांगायचं म्हणून आलेली गोष्ट रोज बॅगेत भरून पुढच्या गावाला नेत होतो आणि मला तिचाच शीण येत होता.

चोवीस तारखेला दुपारी रोटेनबुर्गला पोचलो. तटबंदीच्या आतलं जुनं गाव, चित्रातल्यासारखी घरं. सगळ्या बसची आशा याच दिवसावर होती. आणि चौकात पाहतो तो काय, टपऱ्यांना फळ्या ठोकलेल्या. दुकानं बंद. एक बाई दाराला कुलूप लावून पिशवी सावरत भराभर निघून गेली.

"अरे मिलिंदभाई, ही काय गंमत?" आमच्या बसमधले परकारचाचा कडाडले. मूळ रत्नागिरीचे, दोहाच्या नजमा भागात त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान. "आमच्या नजमात ईदच्या आदल्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, आन हितं करफ्यू लागलाय! सण हाय ना यांचा?"

"चाचा, सण घरात करतात हे लोक," मिलिंद माइकशिवाय पहिल्यांदाच बोलत होता. "बाजार सणाच्या आधी असतो. आपल्या ऑफिसनं तारखा शाळेच्या सुटीवर लावल्या."

"खलास," चाचा म्हणाले आणि चाचींचा हात धरून हॉटेलकडे वळले.

तेव्हा बाजार बघायचा असेल तर चोवीसच्या बरंच आधी जा, हे वाचून एवढं तरी लक्षात ठेवा. पंचवीसला आणखी भर. ड्रायव्हरला सक्तीची विश्रांती, बस जागची हलणार नाही.

त्या दिवशी आम्ही तिघं तटबंदीवर चढलो. तिथं चढायला तिकीट नसतं. वर लाकडी छप्पर, अरुंद वाट, आणि एका अंगाला गावातली घरं इतकी जवळ की खिडकीतलं जेवणाचं टेबल दिसतं. एका घरात आजोबा मोठ्या सुरीनं काहीतरी कापत होते आणि सगळे एकदम बोलत होते. आम्ही रेंगाळलो.

"बाबा, यू आर अवेक," सायली म्हणाली. "इतका वेळ!"

"बस नाही ना," शिरीष हसला. मग हसू आवरून म्हणाला, "सायली, परीक्षेनंतर ना..."

"आय नो. पुणे. आत्याशी आई फोनवर बोलत होती तेव्हा ऐकलं." ती खिडकीकडेच बघत होती. "मग तुला उठवणार कोण?"

"उठवणार म्हणजे?" मी विचारलं.

"संध्याकाळी बस आपल्या सिग्नलला आली असेल अशा वेळी मी रोज मिस्ड कॉल देते. नाहीतर बाबा डायरेक्ट डेपोत जाईल."

मला हे ठाऊकच नव्हतं. त्याच घरात, त्याच वेळी मी पोळ्या लाटत असते.

शिरीष म्हणाला, "तुला जायचं नसेल तर नको जाऊ. तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं."

झालं असतं तिथंच. मी मान हलवली असती की संपलं. पण माझ्या तोंडून भलतंच निघालं. "मला जायचंय," मी म्हटलं. "क्लासचं सोड. मला दोहात आता कंटाळा आलाय. झोपलेला माणूस संध्याकाळी घरी येतो, जेवतो आणि परत झोपतो. दमलेय मी." आणि मला रडू आलं, शेजारणीच्या कोटात.

शिरीषनं माझ्या खिशातून शेजारणीचा टिश्यू काढून हातात दिला. मग म्हणाला, "मलापण जायचंय. तुम्ही दोघी गेल्यावर मी तिथं काय करू?"

"ग्रेट," सायली म्हणाली. "तुम्हा दोघांना घरी जायचंय आणि नाव माझं. पण माझं घर मुंतझामध्येच आहे ना? मी दुसरं पाहिलंय कुठे?"

तिच्या आवाजात राग नव्हता, ते मला जास्त लागलं. बोटं गोठेपर्यंत आम्ही तिथंच बोलत उभे राहिलो. शेवटी एवढं ठरलं की तिची बारावी दोहातच होईल, तिघं एकत्र राहू आणि मग तिघंही पुण्याला जाऊ. माझी दोन वर्षं गेली, हे मला तिथंच कळलं.

पुढे म्युनिक झालं, बर्फ पडला, फोटो निघाले. शिरीष बसमध्ये झोपलाच. एका दिवसात माणूस बदलत नाही. सायलीनं मधूनमधून त्याला हलवून बाहेरचं काही काही दाखवलं आणि तो "हो हो, छान" म्हणून पुन्हा कलंडला.

आता घरी येऊन आठवडा झाला. फ्लॅटमध्ये सगळीकडे वाळूचा थर होता. लोक विचारतात, टूर घ्यावी का? घ्या, पण बाजारासाठी आधी जा, आणि घरचं काही बोलायचं असेल तर बसमध्ये वेळ मिळेल या भरवशावर राहू नका.

काल पुण्याला वर्षाताईंना फोन केला. या माझ्या नणंद. क्लासच्या सीटसाठी त्याच धावपळ करत होत्या.

"आम्ही येत नाही, ताई."

"सायली नाही म्हणाली का गं?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही, सायली नाही. मला यायचंय, पण दोघींनी नाही. तिची बारावी झाली की तिघंही येऊ."

"दोन वर्षं फार होतात गं."

"हो ताई," मी म्हटलं, "फार होतात."