अनुदानातून नाटकाचं तिकीट

पूर्ण अंध असलेल्या माणसाने नाटकाच्या पहिल्या रांगेचं तिकीट काढलं, म्हणून त्याचं अनुदान बंद करा, असा अर्ज नायब तहसीलदार साहेबांनी माझ्यासमोर सरकवला. पुरावा म्हणून तिकिटाचा फाटका तुकडा टाचणीने लावला होता. म्हणजे अर्जदाराने तो मांडवातून उचलून जपून ठेवला होता. लोकांना वेळ किती असतो बघा.

"तुमच्या सज्ज्यातला आहे. आठ दिवसांत चौकशी करा," साहेब म्हणाले.

सज्जा म्हणजे एका तलाठ्याकडे दिलेली दोन-चार गावं. माझा सज्जा अड्याळच्या बाजूचा. सातबारा, पीक पाहणी, नुकसानीचे पंचनामे हे आमचं नेहमीचं काम. त्याशिवाय निराधार आणि दिव्यांग लाभार्थ्यांची तपासणीही आमच्याच गळ्यात. लाभार्थी जिवंत आहे ना, गावातच राहतो ना, एवढं पाहायचं. तो पैशाचं काय करतो हे जाऊन तपासायला मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

अर्जात दोन आरोप होते. पहिला, हा अंध लाभार्थी देवाजी नाटक पाहतो, म्हणजे त्याला दिसतं, म्हणजे तो खोटा आंधळा आहे. दुसरा, देवाजी आंधळा असूनही नाटकाला जातो, अत्तर लावतो, बाजारात भजे खातो, म्हणजे तो सरकारी पैसा उधळतो. एकाच कागदावर एकाच माणसाला डोळसही ठरवलं होतं आणि आंधळाही. मी साहेबांना म्हटलं, अहो, सिव्हिल सर्जनचं प्रमाणपत्र फाइलला आहे. साहेब म्हणाले, असू द्या, तक्रार आली की चौकशी लागते. आणि चौकशी संपेपर्यंत अनुदान रोखा. रोखायला एक मिनिट लागलं. माझं डोकंच फिरलं, पण फिरलेलं डोकं घेऊनच मी स्कूटीला किक मारली.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. पुढे खुर्च्या, मागे जमीन. देवाजीच्या गावात पहिल्या रांगेतली मधली खुर्ची वर्षानुवर्षं माजी सरपंच राघोजींची. तिकीट काढो न काढो, खुर्ची त्यांची. यंदा गावच्या नाट्यमंडळाने नंबर टाकून तिकिटं विकली आणि देवाजी पहाटेच जाऊन रांगेत उभा राहिला. राघोजींना बाजूची खुर्ची मिळाली. अर्जाखाली सही कोणाची, हे आता सांगायला नको.

देवाजी अंगणात बाज विणत बसला होता. चाळिशीचा, एकटा माणूस. अंगाला मोगऱ्याचं अत्तर इतकं की मला शिंक आली. मी जबाब लिहायला घेतला. जबाब म्हणजे माणूस सांगतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं आणि खाली त्याची सही किंवा अंगठा. तो काही लपवेना. तांदूळ रेशनचा मिळतो, तेल-मिठाचं बाजा विणून भागतं, अनुदान हातात आलं की अत्तर, भजे आणि मंडईच्या दिवसांत नाटक. मी मनात म्हटलं, बाबा, जरा तरी खोटं बोल.

सुनावणी साहेबांच्या केबिनमध्ये झाली. राघोजी कडक इस्त्रीत आले. त्यांच्याकडे एक जोरदार मुद्दा होता.

"साहेब, नट तोंड उघडाच्या आधीच हा हासते. सारा मांडव मागून हासते. दिसल्याबिगर कसा हासन?"

खरं सांगते, मीही क्षणभर गोंधळले. साहेबांनी देवाजीकडे पाहिलं आणि विचारलं, हे खरं आहे का?

"खरं आहे जी. मले प्रॉम्प्टर आयकू येते ना."

साहेब साताऱ्याकडचे. त्यांना काही कळेना. मग मी समजावलं. आमच्याकडच्या कंपन्या सीझनमध्ये रोज नव्या गावाला असतात, पाठांतराला वेळ कुठला. स्टेजच्या पुढ्यात एका खड्ड्यात प्रॉम्प्टर पुस्तक घेऊन बसतो आणि सगळं नाटक हळू आवाजात वाचतो. नट ते ऐकून मोठ्याने म्हणतो. प्रॉम्प्टर फक्त पहिल्या रांगेला ऐकू येतो.

"नट चुकतेत, प्रॉम्प्टर चुकत नाही," देवाजी म्हणाला. "म्हणून मी पैसे देऊन पुढं बसतो. पण यंदा दुसरा अंक बराबर आयकू नाही आला. राघोजीभाऊ बाजूले घोरून राहिले होते."

राघोजी म्हणाले, खोटं आहे, मी सगळं नाटक पाहिलं. साहेबांना आता मजा वाटू लागली होती. त्यांनी विचारलं, मग शेवटी नायिकेचं काय झालं?

"लगन झालं," राघोजी ठासून म्हणाले.

"ते तं दुसऱ्याच अंकात मेली जी," देवाजी म्हणाला.

पहिला आरोप तिथेच निकालात निघाला. दुसऱ्यासाठी साहेबांनी जी.आर. पुढून मागून चाळला. अनुदान कशावर खर्च करावं असं त्यात कुठेच नव्हतं. मी सुटकेचा निःश्वास सोडला. पण साहेबांनी त्या वर्षी तपासणीच्या फॉर्ममध्ये स्वतःच्या हौसेने एक रकाना वाढवला होता, 'अनुदानाचा विनियोग', म्हणजे पैसे कशाला वापरले. मला म्हणाले, औषधोपचार लिहा आणि अंगठा घेऊन फाइल बंद करा. सगळ्यांचं तेच लिहितो आपण.

मी लिहिलं. वाचता न येणाऱ्याला कागद वाचून दाखवायचा असतो, तसा वाचला. देवाजीने शाईच्या पॅडवरून बोट मागे घेतलं.

"मॅडम, हे माहं नाही. मी आंधळा आहो, बिमार नाही."

साहेबांनी समजावलं, एक शब्द आहे, लावा अंगठा. मी त्याच्या कानाशी म्हटलं, देवाजीभाऊ, अंगठा नाही दिला तर जबाब अपुरा राहतो, अनुदान अडकून पडन.

"पडू द्या. मी तिकीट काढून नाटक पाह्यलं. चोरून नाही पाह्यलं. तसं लिहा."

मला त्याचा भयंकर राग आला. एका शब्दापायी हा माणूस हातचं घालवत होता. आणि तितकीच स्वतःची लाजही वाटली, कारण तो शब्द माझ्या अक्षरात होता. त्या वर्षात मी तो शेकडो लोकांच्या नावापुढे लिहिला होता आणि एकालाही विचारलं नव्हतं. राघोजीसुद्धा खाली मान घालून बसले होते.

साहेबांनी माझ्या हातातून पेन घेतलं. औषधोपचार खोडलं, वर लिहिलं 'नाटक, अत्तर व भजे', बाजूला सही केली. मग स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं. देवाजीने अंगठा असा दाबला की शाई मागच्या पानावर उतरली.

पुढच्या महिन्यात थकबाकीसकट अनुदान जमा झालं. ऑडिट आलं आणि गेलं, कोणी काही विचारलं नाही. असले रकाने कोण वाचतं?

मी मात्र आता तो रकाना प्रत्येकाला विचारून भरते. लोक खरं सांगतात. टिकल्या, नातवाला चॉकलेट, मोबाइलचा रिचार्ज, लाखनीच्या रस्त्यावरचा चहा. पूर्वी सगळं गाव दुपारपर्यंत उरकायचं, आता दोन दिवस लागतात. बाकी त्या यादीवरून एवढं नक्की कळतं की माझ्या सज्ज्यातली माणसं पूर्वी कागदावर वाटायची तितकी आजारी नाहीत.