हसनचाचांच्या उत्तराचा तर्जुमा

हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. माझी बायको रेहाना — तिलाही नाही. सांगायला घेतलं, म्हणजे मनातल्या मनात घेतलं, ते पुष्कळदा. दर वेळी एकाच जागी अडायचो. एक वाक्य तर होतं ना? माणूस दिवसभरात किती बोलतो. त्यातल्या एका वाक्याचं एवढं काय घेऊन बसायचं?

पण ते वाक्य माझं नव्हतं. दुसऱ्याचं होतं. ते जसंच्या तसं पोचवायचं, एवढंच माझं काम होतं. त्यासाठीच तर मला नोकरीवर ठेवलं होतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. शाळा मराठी, अरबी मदरशातली. पुढे मुंबईत अरबी टायपिंग शिकलो आणि त्या जोरावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी कतारला आलो. तिथं अल रुवैस बंदरातल्या एका सरकारी कचेरीत तर्जुमा करणारा माणूस हवा होता. बोटीवरचे, जाळी विणणारे, किनाऱ्यावरचे छोटे दुकानदार — सगळे आपल्या बाजूचे. ते हिंदी-उर्दूत बोलायचे, मी साहेबांना अरबीत सांगायचो. साहेब बोलले की उलटं. मी मधे उभा. सुरुवातीला त्या उभं राहण्याची मला फार ऐट वाटायची. खोटं कशाला बोलू — शेवटपर्यंत वाटायची.

त्या काळात सरकारनं किनाऱ्यावरच्या धंद्यांना शिस्त लावायला घेतली होती. मासे खारवणारे, वाळवणारे लोक जिथं जागा मिळेल तिथं पत्रे ठोकून बसायचे. आता त्यांच्यासाठी आखलेले प्लॉट निघाले. सिमेंटची जमीन, पाण्याचा नळ, शेजारी शीतघर. ज्यानं मुदतीत फॉर्म भरला त्याला प्लॉट आणि लायसन. ज्यानं नाही भरला त्याचं शेड बंद. सरकारला धंदा वाढायलाही हवा होता आणि नजरेखालीही हवा होता.

मला हे नवं नव्हतं. माझे आजोबा इंग्रजांच्या अमलात मीठ खात्यात कारकून होते. किनाऱ्यावर तेव्हा मासे खारवायची सरकारी आवारं असत. मिठावर कर होता, पण मच्छीमारांचा धंदा चालावा म्हणून आवारात त्यांना बिनकराचं मीठ मिळे. अट अशी की मासा तिथंच खारवायचा. मूठभर मीठ कुंपणाबाहेर गेलं तरी गुन्हा. कुणी किती मीठ घेतलं, किती मासा आणला, हे आजोबा लिहीत. ते लिहितील ते खरं. आमच्या घरात हे मोठ्या अभिमानानं सांगत. त्या कुंपणाच्या आतल्या माणसांबद्दल मात्र कुणी काही सांगत नसे.

हसनचाचा त्या माणसांतले होते. दाभोळच्या खाडीकडचे, दालदी — पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारे. त्यांच्या आजोबांनी अशाच एका आवारात आयुष्य काढलं होतं. रुवैसला आमची ओळख झाली तेव्हा ते पन्नाशीला आलेले, मी पस्तिशीचा. माझे आजोबा मीठ खात्यात होते हे कळल्यावर ते हसले आणि मला मुन्शी म्हणायला लागले. पुढे सगळेच म्हणायला लागले. मला ते आवडायचं.

ते सुरमई खारवत. तशी सुरमई मी दुसऱ्या कुणाकडे खाल्लेली नाही. मासा पाठीकडून कसा चिरायचा, मीठ कसं भरायचं, किती दिवस दाबून ठेवायचं — हे सगळं त्यांच्या हातात होतं. शेड त्यांच्या कफीलच्या नावावर. कफील म्हणजे इथला मालक-जामीन, भला म्हातारा, पण आजारी, दोह्याला पडून असलेला. धंदा सगळा चाचांचाच.

फॉर्मची बातमी त्यांना मीच दिली. त्यांनी दोह्याला जाऊन म्हाताऱ्याची सही आणली, फोटो लावले आणि कचेरीत आले. खिडकीवर रांग होती. त्यांनी खिडकीवर फॉर्म दिला असता तर शिक्का बसला असता, पोच मिळाली असती, सगळं झालं असतं. ते रांगेत उभेच होते. मीच त्यांना बाहेर बोलावलं.

“चाचा, तुम्ही कशाला उभे राहताय? माझ्याकडे द्या. साहेबांच्या हातात ठेवतो.”

का? रांगेतल्या सगळ्यांनी बघावं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. त्यांनी फॉर्म दिला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताला खाऱ्याचा वास होता आणि तो माझ्या शर्टाला लागला, म्हणून मला जरा — आता हेही सांगूनच टाकतो — जरा किळस आली.

फॉर्म मी ड्रॉवरमध्ये ठेवला. आणि विसरलो.

त्याच आठवड्यात रेहाना आणि मुलगी यायच्या होत्या. दोह्याजवळच्या उम्म सलाल मोहम्मद या गावात दोन खोल्या घेतल्या होत्या, गॅस, पलंग, मुलीची शाळा... धावपळ होती. पण धावपळ कुणाला नसते? मुदत संपून सहा दिवस झाल्यावर स्टेपलरच्या पिना शोधताना फॉर्म हाताला लागला. चाचांचा फोटो वर होता. मी ड्रॉवर बंद केला.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. साहेबांकडे जाऊन म्हणायचं होतं, चूक माझी आहे. ते चिडले असते. दोन शब्द बोलले असते आणि बहुतेक फॉर्म घेतलाही असता. ते वाईट नव्हते. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी गेलो नाही. उद्या जाऊ म्हटलं. मग वाटलं, आता इतके दिवस का ठेवला म्हणून विचारतील.

त्या शुक्रवारी नमाजानंतर मशिदीबाहेर चाचांनी विचारलं, “मुन्शी, कागद झाला काय?”

मी म्हणालो, “झाला. पाच नंबरचा प्लॉट तुमचा. यल्ला, काम सुरू करा.”

पाच नंबर रिकामा होता एवढं मला माहीत होतं. माझा बेत असा होता, की हळूच फॉर्म मागच्या तारखेच्या गठ्ठ्यात सरकवायचा. तेवढं धैर्यही झालं नाही. एक दिवस मी तो घरी नेला, फाडला आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकला. वर कलिंगडाच्या साली टाकल्या.

चाचांनी जुनं शेड स्वतःच्या हातानं उतरवलं. पाच नंबरवर दोन टाक्या बांधल्या, लाकडी फळ्या लावल्या, सावलीला पत्रे घातले. महिनाभर ते त्यात रमून गेले होते. मी दोनदा बघायला गेलो. हो, गेलो. चहा घेतला. टाकीचा उतार कुठं हवा यावर बोललोसुद्धा.

मग तपासणी आली. तपासणीचे साहेब दोह्याहून आलेले, तरुण, नीट बोलणारे. त्यांच्याबरोबर तर्जुम्याला मी. सकाळची वेळ होती, वारा होता. गाडी येताना बघून चाचा आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. त्यांना वाटलं, लायसन द्यायला आलेत.

साहेबांनी फाइल बघितली. पाच नंबर कुणाच्याच नावावर नव्हता. त्यांनी मला सांगितलं, “विचार, हे कुणाच्या परवानगीनं बांधलं?”

मी विचारलं. आम्ही दोघं मराठीतच बोलायचो, तेव्हाही मराठीतच विचारलं.

चाचा गोंधळले. माझ्याकडे बघून म्हणाले, “असं काय विचारतात? तू बोललास ना परवानगी झाली म्हनून? कागद तुझ्याच हातात दिला मी. तूच साहेबाला दिलास. सांग त्यांना.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आरोप तर नव्हताच. कुठं काहीतरी घोटाळा झालाय आणि मुन्शी तो आता निस्तरील, असं ते बोलत होते.

साहेब माझ्याकडे बघत होते. चाचा माझ्याकडे बघत होते. किती वेळ गेला असेल? काहीच नाही. एक श्वास. चाचांना बाजारातली अरबी यायची — माशांची नावं, आकडे, कसं काय, बरं आहे. म्हणून मी कचेरीतली अरबी वापरली. जड शब्द शोधून, भराभर बोललो. चुकून तोंडातून निघून गेलं, असं मला म्हणता येणार नाही, ते याच्यामुळे. मी शब्द निवडत होतो.

मी म्हणालो, “तो म्हणतो, परवानगी लागते हे त्याला माहीत नव्हतं. जागा रिकामी दिसली म्हणून बांधलं.”

साहेबांनी मान हलवली. “सगळ्यांना नोटीस दिली होती,” एवढंच म्हणाले, आणि लिहायला लागले.

चाचांनी हळू आवाजात विचारलं, “सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग?”

“नाही ऐकत,” मी म्हणालो.

इथपर्यंत आलो. आता उरलेलं फार नाही.

टाक्या पंधरा दिवसांत फोडल्या. कफील म्हाताऱ्याचा मुलगा कचेरीत विचारायला आला — वडील म्हणतात सही केली होती, अर्ज आला होता का? त्याला माझ्याच टेबलाशी पाठवलं. मी रजिस्टर उघडून त्याच्यासमोर फिरवलं. नोंद नव्हती. खरंच नव्हती. तो शुक्रन म्हणत, आभार मानून गेला. आजारी माणसाला नीट आठवत नसेल, असं त्याला वाटलं असावं. बापाच्या नावावर दंड नको म्हणून त्यानं चाचांचा व्हिसा रद्द केला.

जाताना चाचा उम्म सलालला घरी आले. रेहानाला म्हणाले, “तुझ्या नवऱ्यानं लय प्रयत्न केलान. मी बघितला ना, किती बोलत होता साहेबाशी. पन नशीब.” रेहानानं डोळ्यांना पदर लावला. मी मुलीचा अभ्यास घेत असल्यासारखं वहीत बघत बसलो.

त्यानंतर दर वर्षी कुणी ना कुणी गावाहून येताना त्यांनी पाठवलेली पुडी आणायचा. सोडे — सोललेली कोळंबी, चांगली मोठी, नीट वाळवलेली. मुन्शीला द्या म्हणायचे. रेहाना ते वांग्यात घालायची. मी नको म्हटलं का? एकदाही नाही. जेवायचो. पहिल्या वर्षी घास उतरला नव्हता. नंतर उतरायला लागला, आणि मला वाटतं सगळ्यात वाईट गोष्ट ती असेल.

सात-आठ वर्षांनी पुतणीच्या लग्नाला गावी गेलो होतो. धक्क्यावर चाचा भेटले. दुसऱ्याच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायचं काम करत होते. हातमोजे नव्हते. मासे खारवणं सोडलं म्हणाले, आता जमत नाही, जागा नाही, भांडवल नाही. मला ओढून घरी नेलं. त्यांची मुलगी, जावई, शेजारचे दोघं-तिघं होते. खुर्ची पुसून मला बसवलं आणि सगळ्यांना म्हणाले, “ह्यो मुन्शी. ह्येच्याबद्दल मी सांगतो नेहमी. तिकडे माझ्या बाजूनं कोन नव्हता, ह्यो एकटा साहेबापुढं माझ्यासाठी बोलला.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मुलीनं चहा पुढं केला. ती म्हणाली, “अब्बा दर नमाजात तुमचं नाव घेतात.”

तिथं साहेब नव्हते. फाइल नव्हती. नोकरी जाण्याची, व्हिसा जाण्याची भीती नव्हती. सगळे माझ्याच भाषेतले होते, तर्जुम्याचीसुद्धा गरज नव्हती. सांगायला काय लागलं असतं?

मी चहाचा कप घेतला आणि म्हणालो, “त्यात काय एवढं. ते माझं कामच होतं.”

चाचा खूश होऊन मान डोलवत राहिले.

दोन वर्षांनी ते गेले. कतारमध्ये फोनवर बातमी कळली. रेहाना रडली, मीही रडलो, आणि ती मला समजावत होती. तेव्हाही मी काही बोललो नाही.

ते आज असते तर मी त्यांना सांगितलं असतं, असं मला म्हणता येत नाही. ते होते तेव्हा मी सांगितलं नाही.