चष्मा तिसऱ्यांदा परत आला

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या या पोरीला शाळेत सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. वर्गात एक भाषा, डबा खाताना बहिणीशी दुसरी. बापही वैतागायचा, “एका तोंडाला दोन भाषा कशाला? एक तरी धड कर.” आई मात्र बधली नाही. शाळेचा अभ्यास उरकला की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून घरच्या भाषेतल्या पाच ओळी रोज लिहून घ्यायची. कशाला, ते कधी सांगितलं नाही. नुसतं “लिही” म्हणायची.

पुढे पोरीनं कोर्स केला नि या दुकानात लागली. तीन महिने कच्ची नोकरी. दोन झकास गेले, मग शिंपीण मावशींचा चष्मा परत आला. तिनं वाचायचा नंबर वाढवून दिला. तोही परत. मालक तसा देवमाणूस, पण तोही म्हणाला, “अगं, तिसऱ्यांदा आला तर मला दुसरं कुणी बघावं लागेल.”

आला की! मावशी दारातूनच कडाडल्या, “हा चष्मा आहे की शिक्षा? कापड नाकाला लावलं तरच दिसतं. मी कपडे शिवते, वास घेत नाही!”

पोरीनं त्यांना खुर्चीत बसवलं, तपासणीच्या फ्रेममध्ये हलक्या नंबराच्या काचा घातल्या नि वाचायचं कार्ड हातात दिलं.

“धूसर,” मावशी म्हणाल्या.

“सगळ्यात मोठी ओळ?”

“तीपण.”

पोरीनं काच बदलायला हात पुढे केला. तेवढ्यात मावशींनी तिचा हात ओढला. “बाही उसवलीय तुझी,” म्हणत त्या सुटलेले टाके बोटानं मोजायला लागल्या. तोंडातल्या तोंडात, आणि चक्क पोरीच्या घरच्या भाषेत.

टाके दिसतात नि एवढालं अक्षर दिसत नाही? पोरीनं त्याच भाषेत हळूच विचारलं, “मावशी, हे कार्ड तुम्हाला वाचता येतं का?”

मावशींनी मान खाली घातली. “इथलं बोलायला येतं गं. वाचायला कुणी शिकवलंय? चारचौघांत सांगायची लाज वाटली. म्हटलं, चष्मा लावला की येईल.”

पोरीनं एका चिटोऱ्यावर घरच्या भाषेत, आई लिहून घ्यायची त्यातलीच एक ओळ मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिली. मावशींनी घडाघडा वाचली, “दूध ठेवलंय, लक्ष दे,” नि खो खो हसल्या. “तुझी आईपण आमच्यासारखीच दिसतेय!”

दारात उभ्या मालकाला एक अक्षर कळलं नव्हतं. पोरीनं सगळं समजावून सांगितलं, तसा तो कपाळावर हात मारून म्हणाला, “आणि आपण नंबर वाढवत बसलो!”

आठवड्यानं मावशी पुन्हा दारात. पण हलक्या नंबराचा नवा चष्मा नाकावर होता, नि मागे दोन जावा. “यांनाही म्हणे धूसर दिसतं. बघ बाई, डोळ्यांचं आहे की अक्षरांचं.”

मालकानं खुर्च्या पुढे सरकवल्या. “कोर्स काय, सगळ्याच करून येतात,” तो मावशींना म्हणाला, “दोन भाषांत डोळे तपासणारी कुठून आणू? बसा. थोडा वेळ लागेल, आमच्या ताई एकट्याच आहेत.”

आजवर त्यानं तिला ‘अगं’ सोडून दुसरी हाक मारली नव्हती. तिसरा महिना संपायला अजून नऊ दिवस होते.