टीव्हीकडे पाठ करून

कासारवाडीच्या आमच्या चाळीत टीव्ही एकच होता. त्यावर खुनाची मालिका लागली की ती लिहिणारे गृहस्थ टीव्हीकडे पाठ करून बसायचे. दिवसा ते कंपनीत स्टोअर सांभाळायचे आणि शिफ्ट सुटली की मालिकेचे भाग लिहायचे. मालिका चालू असताना ते फक्त आमची तोंडं बघत. कुणाचा संशय कुणावर जातोय, हे त्यांना आमच्या भुवयांवरून कळायचं. त्या नजरेचा मला धाकच वाटे. शेवटी खुनी सापडला की आम्ही टाळ्या वाजवायचो, आणि ते खाली मान घालून सुपारी कातरायचे.

एका रविवारी चाळीतला तांब्याचा बंब चोरीला गेला. टोकाच्या खोलीत लातूरकडचा एक हेल्पर नवीनच राहायला आला होता. त्याची कॉलर धरूनच लोक गृहस्थांच्या दारात आले.

"राव, तुम्ही दर आठवड्याला चोर पकडता. ह्याला जरा बोलता करा."

"म्या न्हाई घेतला वो," हेल्पर रडकुंडीला आला होता.

गृहस्थांनी अडकित्ता बाजूला ठेवला.

"मी कुठला चोर पकडतोय, भाऊ? चोर कोण ते मी आधी ठरवतो आणि पुरावे मागाहून लिहितो. तुम्हीही तेच करताय."

कॉलर धरलेला हात हळूच सुटला.

बंब काही सापडला नाही. पुढच्या भागात खुनी मात्र सापडला. गृहस्थ नेहमीसारखे आमच्याकडे तोंड करून बसले होते, आणि टाळीसाठी एकाचाही हात उठला नाही.